व्यायाम चालू, काटा जागचा हलेना: नेमकं कुठे अडलंय ते कसं शोधायचं

"ताई, अडीच महिने झाले. एक दिवस खाडा नाही. साखर बंद केली, भात अर्ध्यावर आणला. आणि काटा ६८.४ वरून ६८.१. तीनशे ग्रॅम! उद्यापासून मी येत नाही, राग मानू नका."

रात्री साडेदहाला आलेला मेसेज. मी डोंबिवलीत एका सोसायटीच्या हॉलमध्ये चौदा वर्षं पहाटेची बॅच घेते. पावणेसहाला सुरू, पावणेसातला बंद, कारण निम्म्या जणींना घरी जाऊन डबे भरून लोकल गाठायची असते. असा मेसेज वर्षातून दोनदा हमखास येतो. एकदा मार्चच्या मध्यावर, जानेवारीत जोशात आलेल्यांचा, आणि एकदा दिवाळी उलटल्यावर. शब्द तेच असतात, कारण मात्र दर वेळी वेगळं निघतं. घोळ तिथेच होतो: एकीला लागू पडलेला उपाय दुसरी उचलते आणि आणखी महिनाभर वाया घालवते. म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवतेय. पुढच्या वेळी मेसेज आला की हेच पाठवीन.

त्या ताईंना मी त्या रात्री एवढंच लिहिलं, "नका येऊ. पण डिसेंबरात लग्नासाठी शिवलेला ब्लाउज तेवढा एकदा घेऊन या." आल्या. घालून बघितला तर बाजूच्या शिवणीजवळ दोन्हीकडे बोट आरामात जात होतं. टेलरने शिवताना आत भरपूर माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, सोडलेली, "मॅडम, पुढे उसवायला लागेल" म्हणून. उसवायला लागलाच नाही, उलट आत घ्यायची वेळ आली. माझ्या वहीत पहिल्या दिवशीची कंबर ३७ इंच लिहिलेली होती. टेप लावली, साडेचौतीस. अडीच इंच गेले आणि काट्याला पत्ता नाही.

पण प्रत्येकीचं असंच असतं असं समजू नका. क्रमाने तपासा.

आधी काटाच तपासा

हसू नका, अधूनमधून एखादी तक्रार इथेच मिटते. पाच किलो आट्याची न फोडलेली पिशवी घ्या. आधी नुसतं वजन करा, मग पिशवी हातात धरून करा. फरक पाचच्या आसपास आला पाहिजे. साडेचार किंवा साडेपाच आला तर काट्याचं काहीतरी बिघडलंय. काटा पायपुसण्यावर किंवा सतरंजीवर ठेवलेला नको, आणि त्याचा एक पाय फरशीच्या सांध्यात अडकलेला नको. बॅटरी उतरली की तो वाटेल ते दाखवतो.

एक गंमत बऱ्याच जणींना माहीत नसते. काही डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवा आकडा त्याच्या अगदी जवळ असेल तर जुनाच दाखवतात, म्हणजे लोकांना वाटावं की काटा किती पक्का आहे. पाठोपाठ तीनदा चढून तीनदा ६८.१ आलं म्हणून खूश होऊ नका. मध्ये एकदा ती आट्याची पिशवी घेऊन चढा, मग परत नुसत्या चढा.

आणि घरचा काटा, दवाखान्यातला काटा, स्टेशनवरचा नाणं टाकायचा काटा यांची आपसात तुलना करायची नाही. एक धरायचा, तोच वापरायचा.

मग पाण्याचा हिशोब

बहुतेक "अडकलेली" वजनं इथे अडकलेली असतात.

भात-पोळीतली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम. पण हा साठा कोरडा नसतो. दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. तुम्ही एकदम भात-पोळी तोडली की साठा उतरतो, पाणी निघून जातं आणि पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो "घटतात". घरात कौतुक होतं. ती चरबी नव्हती हो. पुढे तुम्ही माणसासारखं जेवायला लागता, पाणी परत येतं, आणि तेवढ्यात खरी चरबी एखादा किलो गेलेली असली तरी काट्यावर शून्यच दिसतं. म्हणजे पहिल्या आठवड्याचा आनंद खोटा होता आणि सहाव्या आठवड्याचं दुःखही खोटंच.

उलट बाजूही बघा. एक किलो चरबी साधारण ७,७०० कॅलरींची. एका रात्रीच्या श्रीखंड-पुरीने ती चढणं शक्यच नाही. लग्नाहून आल्यावर सकाळी सव्वा किलो जास्त दिसलं तर ते मीठ, पाणी आणि अजून पोटात असलेलं जेवण आहे. पापड, लोणचं, फरसाण झाल्यावर दुसऱ्या दिवशी अंगठी घट्ट होते ना? तेच. पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत एखादा किलो पाणी धरून बसणं अगदी नेहमीचं. नवा व्यायाम सुरू केल्यावर मांड्या दुखतात, तेव्हाही स्नायूंमध्ये पाणी साचतं, म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा वर गेला तरी मी त्याच्याकडे बघत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा. सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, सात दिवस वजन लिहा आणि सरासरी काढा. पुढच्या महिन्यात पाळीच्या त्याच आठवड्यातली सरासरी तिच्याशी ताडून बघा. रोजच्या आकड्याने जीव खालीवर होत असेल तर तो नवऱ्याला लिहायला सांगा, तुम्ही बघूच नका. आणि रविवारचं मटण जेवून सोमवारी सकाळी काट्यावर चढणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवते की तो आकडा माझ्यापर्यंत आणायचा नाही.

"चरबीचा मसल झाला" हे अर्धंच खरं

चरबीचा स्नायू होत नाही, जसा तुपाचा गहू होत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक कमी होते, दुसरी वाढते, कधीकधी एकाच वेळी. आणि "मसल जड असतो" हेही तितकंसं बरोबर नाही. किलो म्हणजे किलोच. स्नायू दाट असतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाला जागा कमी घेतो. म्हणून काटा तिथेच आणि ब्लाउज सैल.

पण या वाक्याचा आधार घेऊन स्वतःला फसवणाऱ्याही मी पाहिल्यात. चाळिशीनंतरच्या बाईच्या अंगावर, नुसतं झुंबा आणि चालण्याने, दोन महिन्यांत चार किलो स्नायू चढत नाही. वजन उचलून, पोटभर प्रथिनं खाऊन, महिन्याला अर्धा किलो चढला तरी मी पेढे वाटीन. तेव्हा काटा चार किलो वर गेलाय आणि टेपही वर गेलीय, तर तो मसल नाही.

काटा आणि त्याच्यावरून काढलेला बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आपल्याला किती चकवतो याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीवाला असा आपला भारतीय बांधा, आणि ती चरबी बरीचशी पोटात, अवयवांभोवती. आपल्याकडे मधुमेह बारीक माणसांनाही का गाठतो, याचं उत्तर शोधायला इथून सुरुवात होते. म्हणूनच आपल्याकडचे डॉक्टर बीएमआय २५ ला नाही, २३ ला सावध करतात. हे सूत्र मुळात एकोणिसाव्या शतकातल्या केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं. लोकसंख्येचा सरासरी माणूस कसा असतो ते बघायला त्याने ते काढलं होतं, तुमची-माझी प्रगती मोजायला नाही.

व्यायामाने सगळ्यात आधी हलते ती हीच पोटातली चरबी, आणि वजन न घटताही ती घटू शकते. ती कशात दिसते? टेपमध्ये.

टेप: दहा-वीस रुपयांचं यंत्र, पण वापरायला शिका

शिंप्याकडची टेप चालेल, पण जुनी कापडी टेप ताणून लांबते. माझी एक टेप फूटपट्टीला लावून बघितली तेव्हा बारा इंचांत पाव इंच खात होती, म्हणजे तीसेक इंचांच्या कंबरेला अर्ध्या इंचाहून जास्त घोळ! त्या वर्षी माझ्या सगळ्या बायका माझ्या वहीत फुकट बारीक झाल्या होत्या. तेव्हा आधी टेप फूटपट्टीवर ठेवून बघा.

कंबर म्हणजे सलवारची नाडी बांधतो ती जागा नव्हे. आरशासमोर सरळ उभं राहा. बोटाने चाचपून शेवटची बरगडी शोधा, मग कमरेचं हाड शोधा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये बाजूला पेनाने ठिपका द्या. टेप त्या ठिपक्यावरून, जमिनीला समांतर, उघड्या कातडीवर. मागे ती खाली घसरते, आरशात बघून सरळ करा. मग नेहमीसारखा श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. आमच्या हॉलमध्ये टेप काढली की सगळ्याजणी आपोआप श्वास रोखतात, मग मी त्यांना काल रात्री काय जेवलात ते विचारते. बोलायला लागल्या की पोट जागेवर येतं.

आकडा कशाशी ताडायचा? आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, याच्या वर धोक्याची खूण मानतात. याहून सोपं म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. पाच फूट दोन इंच म्हणजे ६२ इंच, तर कंबर ३१ च्या आत. दोऱ्यानेसुद्धा बघता येतं: उंचीइतका दोरा घ्या, दुमडून निम्मा करा, कंबरेला पुरतो का बघा.

पंधरा दिवसांनी एकदाच मोजा. रोज मोजलंत तर टेपही काट्यासारखीच छळेल. कंबरेसोबत दंड आणि मांडीही लिहा, कारण खरी माहिती त्यांच्या जोडीत असते. कंबर कमी आणि मांडी तशीच, तर उत्तम चाललंय. कंबर तिथेच आणि दंड-मांडी उतरत चालल्यात, तर तुम्ही चुकीची गोष्ट घालवताय. त्याबद्दल खाली लिहिते.

कपड्यांचं विचाराल तर ब्लाउज, ताण न देणारी जीन्स आणि पुरुषांच्या पट्ट्याची भोकं यांच्यावर माझा विश्वास आहे. लेगिंगला काही विचारू नका, इलॅस्टिक कधी खरं बोलत नाही.

दम आणि जोर

गावाकडच्या तालमीत पोरगं घाम पुसत बाहेर आलं की वस्ताद विचारतात, "आज किती जोर मारलेस? बैठका किती?" वजन सहसा कुणी विचारत नाही. साताऱ्याकडच्या औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार घातले-घालायला लावले, तेव्हाही हिशोब नमस्कारांच्या संख्येचाच होता. आपल्याकडे मोजायची पद्धत ही अशी होती आणि ती बरी होती. शरीराला काय जमतं ते विचारायची.

माझ्या बॅचसाठी मी चार गोष्टी ठरवल्यात.

पहिली, स्टेशनचा पूल. रोज चढायचाच आहे, मग तोच मोजा. पहिल्या आठवड्यात वर पोचल्यावर तुम्ही मैत्रिणीशी एक वाक्य सलग बोलू शकता का? मध्ये श्वास घ्यावा लागतो का? दोन महिन्यांनी तोच पूल, तीच पर्स, तोच डबा. दम किती लागतो याची ही घरगुती पण भरवशाची चाचणी आहे. पुण्यात असाल तर पर्वतीच्या पायऱ्या आहेतच. सिंहगड किती मिनिटांत चढलो यावर पुणेकर आपसात भांडतात, ते भांडण काट्यावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी शहाणं आहे.

दुसरी, नाडी. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून न उठता, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. ६० ते १०० मध्ये असतात. नियमित व्यायामाने दोन-तीन महिन्यांत ते सावकाश उतरतात, कारण हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. त्या मेसेजवाल्या ताईंचे ८४ वरून ७५ वर आले होते. आणखी एक बघायचं: जोरात व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किती उतरतात. बाराहून जास्त उतरले तर चांगलं. तेवढेही उतरत नसतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात, त्यांनी हे माप धरू नये.

तिसरी, खुर्ची. भिंतीला टेकवलेली साधी खुर्ची, हात छातीवर फुली मारून, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारापेक्षा कमी आणि पुरुषाला चौदापेक्षा कमी जमलं तर ते सरासरीच्या खाली धरतात. चाळिशीच्या बाईला बारालाच धाप लागली तर काटा काहीही म्हणो, काम पायांवर करायचंय.

चौथी माझी लाडकी. जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि हात न टेकता उठायचं. ब्राझीलमध्ये डॉ. क्लाउदिओ आराउजो यांनी याचीच दहा गुणांची परीक्षा केली: बसण्याचे पाच, उठण्याचे पाच, हात किंवा गुडघा टेकला की एक गुण गेला, तोल गेला की अर्धा. आपल्या आज्या पाटावर जेवून ही परीक्षा दिवसातून दोनदा द्यायच्या. डायनिंग टेबल आल्यापासून आपण नापास व्हायला लागलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि ज्यांना चक्कर येते त्यांनी मात्र हे करू नये.

माझ्या वहीत एका काकूंच्या पानावर वजनाचा रकाना गेले दीड वर्ष ७१ आणि ७२ मध्येच फिरतोय. शेजारच्या रकान्यात हात टेकून उठण्यापासून हात न टेकता उठण्यापर्यंतचा प्रवास आहे. गेल्या गणपतीत त्या पाच दिवस जमिनीवर बसून मोदक वळत होत्या, त्याआधीच्या वर्षी स्टुलावर बसून सुनेला सूचना देत होत्या. वजन का घटत नाही हे त्या आता विचारत नाहीत.

रिपोर्ट

डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या करत असाल तर त्याही प्रगतीच्या वहीत लिहा, पण घाई नको. एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, तो हिशोब त्यांच्यावर लिहिलेला असतो. व्यायाम सुरू करून पाच आठवड्यांत ती तपासणी परत करून निराश होणाऱ्यांनी पैसे वाया घालवलेले असतात. तीन महिने थांबा. ५.७ च्या खाली चांगलं, ५.७ ते ६.४ काठावर, ६.५ पासून मधुमेह. आपल्या बायकांसाठी एक मेख आहे: लोह कमी असलेल्या अॅनिमियात हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर दोन्ही रिपोर्ट एकत्रच डॉक्टरांना दाखवा.

रक्तदाब घरी मोजत असाल तर आधी पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, दंड छातीच्या उंचीला, आणि अर्धा तास आधीपर्यंत चहा नाही. पूल चढून आल्या आल्या पट्टा बांधला तर तो आकडा पुलाचा असतो. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १५० च्या खाली आणि बायकांचं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ५० च्या वर, हे दोन आकडे व्यायामाला चांगला प्रतिसाद देतात. गोळ्यांचा डोस मात्र स्वतःच्या मनाने कमी करायचा नाही, रिपोर्ट कितीही छान येवो.

मॉलमधलं यंत्र आणि मनगटावरचं घड्याळ

आमच्यातली एक ताई एका मॉलमध्ये फुकट बॉडी चेकअपला उभी राहिली. यंत्राने कागद दिला: तुमचं शरीर ५८ वर्षांचं आहे. तिचं वय ४१. शेजारी पावडरचे डबे विकायला होतेच. बाई घरी येऊन रडली.

ही यंत्रं अंगातून बारीकसा वीजप्रवाह सोडतात आणि त्याला होणाऱ्या अडथळ्यावरून चरबीचा अंदाज बांधतात. वीज पाण्यातून जाते, त्यामुळे घाम गाळून आलात की आकडा वेगळा, पाणी पिऊन उभं राहिलात की वेगळा. जिममध्ये असं यंत्र असेल तर महिन्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी, त्याच यंत्रावर, आणि फक्त वर चाललंय की खाली तेवढंच बघा.

घड्याळाचं थोडक्यात. ठोके ते बऱ्यापैकी बरोबर मोजतं, "इतक्या कॅलरी जळल्या" यात मात्र दम नाही. स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली सात घड्याळं तपासली, तेव्हा कॅलरीत त्यातल्या त्यात बऱ्या घड्याळाचीही चूक सरासरी २७ टक्क्यांची निघाली. त्या आकड्याच्या भरवशावर वडापाव खाऊ नका. आणि दहा हजार पावलांचा आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आला, कुठल्या प्रयोगशाळेतून नाही. सहा हजार चालत होतात, आठ हजार झाली, तर ती प्रगतीच.

काटा खूश, शरीर नाराज

या तक्रारीचे मेसेज येत नाहीत, म्हणून मला याची जास्त भीती वाटते.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीचं लग्न ठरलं. तीन महिन्यांत नऊ किलो घटवले. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. नंतर वही उघडली. बैठका सलग २२ वरून १३ वर. दंड पाऊण इंच कमी, मांडी दीड इंच कमी, कंबर जेमतेम एक इंच. सकाळची नाडी उतरण्याऐवजी चढलेली. विचारलं तर रात्रीचं जेवण बंद, दुपारी सॅलड, केस मूठमूठ जातायत, पाळी दोन महिने नाही. काटा तिला रोज शाबासकी देत होता आणि शरीर हाडामासाचं भांडवल मोडून खात होतं.

तिला आम्ही जेवायला लावलं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. ती वीससुद्धा घेत नव्हती. घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, म्हणजे हे काही अवघड गणित नाही. पाळीसाठी डॉक्टरांकडे पाठवलं. वजन दोन किलो वाढलं आणि बैठका परत वीसवर आल्या. त्या दोन किलोंसाठी तिच्या आईने मला फोन करून जाब विचारला, ते असो.

काहीच हलत नसेल तर

काटा तपासला, सरासरी काढली, टेप बरोबर लावली, पूल तेवढाच दमवतो, खुर्चीचा आकडा तोच. तीन महिने झाले. मग बाई, खरंच काही होत नाहीये. यात अपराध काही नाही, पण "आतून फरक पडत असेल" अशी समजूतही घालायची नाही.

बहुतेक वेळा दोनांपैकी एक सापडतं. एक म्हणजे व्यायाम तोच तोच. पहिल्या महिन्यात जो दमवत होता तो तिसऱ्या महिन्यात सवयीचा होतो. एक लिटरच्या बाटल्या उचलत असाल तर दोन लिटरच्या घ्या, बैठका वाढवा, चालण्यात चढ आणा. दुसरं म्हणजे खाणं, आणि तेही जेवणातलं नाही, मधलं. एका ताईंना मी आठवडाभर तोंडात गेलेलं सगळं लिहायला सांगितलं. जेवण अगदी आदर्श. पण चार वाजताचा ऑफिसातला चहा-खारी, मुलाच्या डब्यात उरलेला पराठा, पोळ्या लाटताना तोंडात टाकलेला गूळ-शेंगदाणा, रात्री मालिका बघताना चिवडा. यातलं काहीच त्या "खाणं" म्हणून मोजत नव्हत्या. याच्या जोडीला तास-दीड तास व्यायाम केला म्हणून उरलेला दिवस बसून काढायचा, हेही सर्रास होतं.

थायरॉइड, पीसीओएस, काही गोळ्या, पाच तासांची झोप, हीही कारणं असतात. थायरॉइडची तपासणी एकदा करून घ्या. पण ती नॉर्मल आली तर दर महिन्याला परत करू नका, चिवड्याचा डबा बंद करा.

काट्याचं ऐकायचंच असे दिवस

काटा फेकून द्या असं मी कधीच म्हणणार नाही. काही न करता वजन घटायला लागलं, सहा महिने-वर्षात पाच टक्के, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलो, तर अभिनंदन घेत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आमच्या बॅचच्या एका काकू "बघ कशी बारीक झाले" म्हणून सगळ्यांना सांगत होत्या. तहान फार लागते, रात्री चारदा उठावं लागतं हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. साखर तीनशेच्या वर निघाली. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या घरातल्या माणसाचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने चढलं, पाय सुजले, तर तेही पाणीच, पण ते वाट बघण्यातलं नाही. त्याच दिवशी फोन करा.

मला मेसेज करण्याआधी

एवढं लिहून पाठवा, म्हणजे रात्री साडेदहाला वीस प्रश्नोत्तरं होणार नाहीत. सात दिवसांच्या वजनाची सरासरी, आत्ताची आणि महिन्यापूर्वीची. कंबर आणि मांडी, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. अंथरुणातली नाडी. तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठलात. पाळीचा कितवा दिवस. झोप किती. आणि एका आठवड्यात तोंडात गेलेलं सगळं, चिवड्यासकट.

त्या ६८.१ वाल्या ताई अजून येतात. परवा ब्लाउज आत घ्यायला टाकला. टेलर म्हणाला, थोडी माया तशीच ठेवतो. त्या म्हणाल्या, सगळी काप.